सुंदराबाईची फुंकर

"तरंगली," दुभाषी म्हणाला, आणि सुंदराबाईनं शेजारी बसलेल्या मुलाचं मनगट धरलं.

"काय तरंगलं रं?"

"फुप्फुसं. बाळाची," आनंदा पुटपुटला. "गप बस ना आये. बाहेर काढतील."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सरकारी डॉक्टर उभे होते. डॉक्टर रघुवीर धारप. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, एवढ्या उकाड्यात काळ्या कोटाची सगळी बटणं लावलेले. ते इंग्रजीतून बोलत, थांबत, आणि मग शामराव दुभाषी ते मराठीत आरोपीला सांगे. जिच्यावर खटला आहे तिला तिच्या भाषेत कळलं पाहिजे, असा कायदाच होता. आरोपी म्हणजे चंपा. ती कठड्याचं लाकूड नखानं खरवडत उभी होती. ती ऐकत होती असं काही वाटत नव्हतं. तिच्या वाटचं सगळं सुंदराबाईच ऐकत होती.

"मुलानं जन्मल्यावर श्वास घेतला नसेल तर त्याची फुप्फुसं पाण्यात बुडतात," शामराव एकसुरी आवाजात सांगत होता. "ही बुडाली नाहीत. तरंगली."

सरकारी वकिलांनी ज्युरीकडे पाहिलं. नऊ माणसं दोन ओळींत बसली होती. सगळे सुटाबुटातले, एक म्हातारे पारशी गृहस्थ तेवढे डगल्यात. सकाळपासून पेंगणारा एक जाडा ज्युरर 'तरंगली' या शब्दावर जागा झाला होता.

सुंदराबाई नायगावहून ट्रामनं फोर्टात आली होती ती याच दिवसासाठी. आज डॉक्टर बोलणार होते. डॉक्टरला सगळं दिसतं, अशी तिची पक्की समजूत होती. तिनं स्वतः चाळीतल्या निम्म्या पोरांच्या नाळा कापल्या होत्या, तरी शिकलेल्या डॉक्टरपुढे ती स्वतःला कवडीमोल समजे. मेलेलं मूल डॉक्टरला मेलेलंच दिसणार, मग आपण मध्ये तोंड कशाला घालायचं, असं म्हणून ती इतके महिने गप्प बसली होती. गप्प बसायला तिला दुसरंही एक कारण होतं. पण ते तिनं आनंदालासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आणि आता डॉक्टर म्हणत होते, तरंगली.

चंपा त्यांच्याच चाळीतली. आईबाप नसलेली, मावशीकडे वाढलेली, गिरणीत जाणारी. लग्न झालेलं नव्हतं. पोट तिनं लुगड्याखाली कसं लपवलं तिलाच ठाऊक. एका पहाटे ती सामायिक नळाच्या मोरीत बाळंत झाली. सूर्य वर यायच्या आत मजल्यावर ही गर्दी जमली, कुणीतरी पोलीस लाइनीत धावलं, आणि बेशुद्ध चंपाला व तिच्या मांडीवरच्या मेलेल्या मुलाला वेगवेगळ्या गाड्यांतून नेलं. "बाळ रडलंच न्हाय," असं ती शुद्धीवर आल्यापासून सांगत होती. पण बिनलग्नाच्या बाळंतिणीचं कोण ऐकतं? खुनाचा खटला उभा राहिला. शिक्षा फाशीची नाहीतर जन्मठेपेची.

"मुलाच्या तोंडावर काही आढळलं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"ओठांभोवती आणि जिभेच्या टोकावर काळे कण आढळले."

"चुलीजवळचं काजळी धरलेलं फडकं तोंडावर दाबलं, तर असे कण राहतील ना?"

"काळे कण राहतील. हे कण अशा फडक्याचे, असं मी म्हणणार नाही."

सुंदराबाईनं चटकन पदर तोंडावर घेतला. आनंदाला वाटलं, तिला रडू आलं.

"एकूण सांगायचं तर, डॉक्टर," वकिलांनी आवाज चढवला, "मूल जिवंत जन्मलं आणि मग त्याला मारलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते जे बोलले ते अगदी थोडं होतं. शामरावानं ते चंपाला सांगितलं. "यातलं पहिलं मी म्हटलेलं नाही. दुसरंही म्हटलेलं नाही. फुप्फुसांत हवा होती, एवढंच मी म्हटलं."

सुंदराबाईनं पदर खाली केला. असा माणूस तिनं पाहिला नव्हता. चाळीच्या कमिटीतला कारकून असो की दवाखान्यातला कंपाउंडर, थोडं ठाऊक असलं की माणूस दुप्पट सांगतो, हा तिचा जन्माचा अनुभव. आणि हा एवढा मोठा डॉक्टर, सरकारच्याच बाजूनं बोलावलेला. सरकारी वकील हातात पेढा दिल्यासारखं वाक्य पुढे करत होता, आणि हा हात मागे घेत होता.

चंपाच्या बाजूनं कोर्टानं एक तरुण वकीलबाई नेमून दिली होती. पद्मजा कर्णिक. गिरगावातली, सडपातळ, बोलताना कागदाचे कोपरे दुमडायची सवय असलेली. तिच्याकडे साक्षीदार एकही नव्हता. ती उठली तेव्हा जाडा ज्युरर पुन्हा खुर्चीत मागे रेलला.

"डॉक्टर, मूल मेलेलंच जन्मलं, आणि कुणी त्याला जगवायला त्याच्या तोंडात फुंकर मारली, तर?"

"तर हवा आत जाईल. फुप्फुसं तरंगू शकतील."

"ती हवा आणि मुलानं स्वतः घेतलेली हवा, यांतला फरक आपल्याला ओळखता येतो?"

"खात्रीनं ओळखता येईल असा फरक मला माहीत नाही."

"या मुलात होती ती हवा कोणाची होती?"

"हवा होती," डॉक्टर म्हणाले. "कोणाची होती, ते मी सांगू शकत नाही."

शामराव हे मराठीत सांगताना पहिल्यांदाच जरा अडखळला. सुंदराबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या पहाटेनंतर तिला रोज वाटत होतं की आपली फुंकर वाया गेली, मोरीतल्या वाऱ्यात विरून गेली. ती गेली नव्हती. त्या एवढ्याशा जिवाच्या छातीत जाऊन बसली होती, डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचली होती, पाण्यावर तरली होती. म्हातारीचा श्वास, तो असा राहतो? तिला आतून हलल्यासारखं झालं. आणि त्याच दमात कळलं की त्याच श्वासापायी ही पोरगी फासावर जाणार.

सरकारी वकील हसत उभे राहिले. "फुंकर मारणारं कोणी या खटल्यात आहे का? का नुसतं पुस्तकातलं उदाहरण?"

त्याचं मराठी पुरतं व्हायच्या आधीच, आनंदाच्या हाताला न जुमानता, सुंदराबाई उभी राहिली.

"म्या व्हते," ती म्हणाली. "त्ये वारं माझं हाय, सायेब."

कोर्टात एकच गलका झाला. पट्टेवाला धावत आला. मोर्च्यात 'झालाच पाहिजे' म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडणारा आनंदा इथे तोंडातून अक्षर काढेना. त्यानं नुसता आईचा पदर धरून ठेवला होता. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटून शांतता करवली, म्हातारीला बाहेर नेऊन बसवायला सांगितलं आणि कोर्ट जेवायला उठलं.

बाहेर व्हरांड्यात पद्मजाबाईंनी तिला बाकावर बसवून सगळं विचारून घेतलं. ऐकता ऐकता त्या कागदाचे कोपरे दुमडायचं विसरल्या.

"आजी, हे तुम्ही आधी का नाही बोललात हो?"

"डागदरास्नी दिसंल, असं वाटलं," सुंदराबाई म्हणाली. आणि मग खाली बघत, "आन् लाज वाटली."

जेवणानंतर सरकारी वकिलांनी जोरात हरकत घेतली. ही बाई सकाळपासून कोर्टात बसलेली, डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकलेला. हिची साक्ष घ्यायची म्हणजे चेष्टाच. न्यायाधीश म्हणाले की साक्ष घेऊ, आणि तिला किती किंमत द्यायची ते ज्युरी ठरवील.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर सुंदराबाईची मान जेमतेम कठड्याच्या वर आली. शिरस्तेदारानं देवाची शपथ सांगितली. ती म्हणाली, "देवाची न्हाय घ्यायची, दादा. दीक्षा घेतलीया आमी. खरं सांगीन, येवढं लिवा." त्यानं तसं लिहून घेतलं.

"त्या पहाटे तुम्ही कुठे होता?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"जिन्याच्या पायरीवर. मशेरी लावत व्हते."

"मग?"

"मोरीतनं कण्हणं आलं. गेले. बघते तर चंपी भितीला टेकून डोळं पांढरं करून पडलेली. मूल खाली. निळं. हलंना, रडंना. तळपाय चोळलं, पाठ चोळली. कायबी न्हाय. मग त्वांडाला त्वांड लावलं न् फुंकर घातली. पुना घातली. छाती उचलायची, पुना बसायची. आपसूक न्हाय उचलली." ती थांबली. "मग नाळ कापली. तिच्या मांडीवर ठेवलं न् कडत पाणी आणाया गेले. पाणी घिऊन येतीय तवर ही गर्दी."

"मशेरी तोंडात होती तेव्हा?"

खिडकीतून लांबून घोषणा ऐकू येत होत्या. काळा घोड्याकडे कुठलीशी मिरवणूक निघाली होती. न्यायाधीशांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. सगळ्या खिडक्या लागेपर्यंत ती तशीच उभी होती.

"व्हती," ती म्हणाली. "माझी आय सुईण. तिनं शिकिवलेलं, फुंकर घालायच्या आधी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. तान्ह्याच्या त्वांडात आपलं खरकटं जाता कामा नये. म्या कवाच चुकले न्हाय. त्या दिशी वाटलं, येळ न्हाय. तशीच धावले. मशेरीच्या त्वांडानं फुंकले मी. म्हणून त्ये उठलं न्हाय."

आनंदा आपल्या आईकडे बघतच राहिला. त्या पहाटेपासून तिनं मशेरी सोडली होती, डबी फळीवर उपडी पडली होती, आणि तो आपला, आई सुधारली म्हणून चाळभर सांगत फिरला होता.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. ते मघाचं हसू आता त्यांच्या तोंडावर नव्हतं.

"बाई, सकाळी डॉक्टरांनी काळे कण म्हटलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"आणि ते ऐकून ही मशेरी रचलीत."

"सायेब," ती म्हणाली, "रचायचं असतं तर चांगलं रचलं असतं की. चूळ भरली व्हती म्हणले असते. सुईणीनं अशा त्वांडानं लेकराला शिवलं, ह्ये चाळीत कळलं तर मला कोन दारात उभं करंल?"

डगल्यातल्या पारशी गृहस्थांनी पुढे झुकून तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टर धारपांची शेजारच्या कोर्टात दुसऱ्या खटल्यात साक्ष होती. त्यांना परत बोलावण्यात आलं. सुंदराबाईला आता हायसं वाटत होतं. आता हा मोठा माणूस सांगेल की म्हातारी खरं बोलते, आणि सुटलं सगळं.

"डॉक्टर, ते काळे कण आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"पाहिले. त्यांत जळलेल्या पानाचे तंतू होते. नुसत्या काजळीत ते नसतात. माझ्या अहवालात ते आहे."

"मशेरी तंबाखूचं पान भाजून करतात. मग हे कण मशेरीचे?"

"असू शकतील."

"या बाईंच्या तोंडातले?"

"ते मी सांगू शकत नाही."

सुंदराबाईला धक्का बसला. तिच्या बाजूनंही तो माणूस एक पाऊल पुढे यायला तयार नव्हता.

सरकारी वकिलांनी संधी साधली. "म्हणजे ही बाई म्हणते ते खरं मानलं तरी, तिनं फुंकर घातली तेव्हा मूल जिवंत होतं की मेलेलं?"

"ते मी सांगू शकत नाही. त्या प्रेतावरून ते कोणीच सांगू शकणार नाही."

"आपण एवढी वर्षं या कामात आहात. आपलं स्वतःचं मत? ही बाई खरं बोलते आहे का?"

डॉक्टरांनी वकिलांकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच मान वळवून सुंदराबाईकडे पाहिलं. ती आता पुन्हा आनंदाजवळ बसली होती. त्यांची नजर मवाळ होती. पण उत्तर द्यायला ते न्यायाधीशांकडेच वळले.

"हा प्रश्न मला विचारू नये," शामराव मराठीत सांगत होता, आणि त्याचा तो एकसुरी आवाज या वेळी कुठच्या कुठे गेला होता. "फुप्फुसं कशी तरंगतात ते मला ठाऊक आहे. माणूस खरं बोलतो की खोटं, याचं शास्त्र माझ्याजवळ नाही. त्याच्यासाठी इथे नऊ जण बसले आहेत."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

सुंदराबाई त्या पिंजऱ्याकडे टक लावून बघत होती. आधी तिला राग आला. मग राग ओसरला आणि जे काही वाटू लागलं त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. लहानपणी गावाकडे नदीला पूर आला की ती काठावर अशीच गप्प उभी राहायची. या माणसानं तोंड उघडलं असतं तर जग ऐकणार होतं. चंपीला मारायचं म्हटलं असतं तरी, आणि तारायचं म्हटलं असतं तरी. आणि तो आपल्या पायापुढची रेघ ओळखून तिथेच उभा होता. त्या रेघेच्या पलीकडे त्यानं जागा मोकळी ठेवली होती, आणि त्या जागेत आता फक्त तिचा शब्द उभा होता. जन्मात कुणी तिच्या शब्दाला धड विचारलं नव्हतं. आज नऊ साहेब दार लावून त्याच्यावर बोलत बसणार होते. तिला भीती वाटली, आणि ऊर भरून आला.

ज्युरी आत गेली. आनंदानं दोनदा बाहेर जाऊन विडी ओढली. उन्हं कलली.

नऊ जण परत आले तेव्हा पुढच्या ओळीतला जाडा ज्युरर उभा राहिला. तोच त्यांचा प्रमुख होता, हे सुंदराबाईला तेव्हाच कळलं. तो दोनच शब्द बोलला. आनंदानं मांडीवर थाप मारली. शामरावानं चंपाला सांगितलं, "तू निर्दोष आहेस, पोरी. जा." 'पोरी' हा शब्द काही त्या साहेबानं म्हटलेला नसावा.

चंपा कठडा सोडून बाहेर आली. तिला चालवेना. सुंदराबाईनं तिला काखेत हात घालून व्हरांड्यात आणलं, बाकावर बसवलं. पद्मजाबाई आल्या आणि म्हातारीचा हात दाबून निघून गेल्या.

जिन्याकडून डॉक्टर धारप येत होते. त्यांचं दुसरं काम संपलं होतं, काखेत बॅग होती. सुंदराबाई उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली. आनंदा घाबरला, पण ते थांबले.

"डागदरसायेब," ती म्हणाली, "एक इचारू? ह्ये कोर्टात कोन इचारणार न्हाय."

"विचारा."

"चूळ न भरता फुंकले मी. माझ्या मशेरीनं गेलं का वो त्ये?"

डॉक्टर गप्प राहिले. दिवसभर हा माणूस उत्तराआधी असाच थांबत होता, आणि थांबून झाल्यावर काय म्हणत होता तेही तिनं दिवसभर ऐकलं होतं. तिनं मनाची तयारी केली. ते चष्म्याला हात लावणार होते, पण तो तसाच राहिला. त्यांनी एकदा कोर्टाच्या बंद दाराकडे पाहिलं. मग बाकावर बसलेल्या, आता पहिल्यांदाच मान वर करून ऐकत असलेल्या चंपाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. शुद्ध, सरळ मराठीत. "मूल आधीच गेलेलं होतं, आजी. तुमच्यामुळे नाही गेलं."

"नक्की?"

"नक्की."

आनंदा चमकून त्यांच्याकडे बघू लागला. दुपारीच पिंजऱ्यात याच माणसानं, ते कोणीच सांगू शकणार नाही, असं म्हटलेलं त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. बॅग सावरत ते भराभर जिना उतरून गेले.

सुंदराबाईच्या मनात मात्र असलं काही आलंच नाही. जो माणूस दिवसभर ठाऊक असल्याखेरीज एक अक्षर बोलला नाही, तो नक्की म्हणाला म्हणजे नक्कीच. तिनं डोळे मिटून घेतले.

अंगणात पट्टेवाल्यांचा नळ होता. ती खाली उतरली. मागोमाग चंपा भिंत धरत धरत आली आणि तिनं न सांगता नळ सोडला. सुंदराबाईनं पदर खोचला, वाकून ओंजळ धरली. तोंडात काहीच नव्हतं, कित्येक महिन्यांत मशेरीला बोट लागलेलं नव्हतं. तरी तिनं गालभर पाणी घेतलं, पुन्हा पुन्हा खळखळवलं, आणि सावकाश, नीट, आईनं शिकवली होती तशी चूळ भरली.